एका कंठाचे माहेर

गवयाच्या चरित्रात आपण बहुधा दोन गोष्टी शोधतो. एक, ईश्वराने दिलेला गळा. आणि दुसरी, गुरूने दिलेली विद्या. ह्या दोहोंखेरीज तिसरीही एक गोष्ट असते, पण तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्या गळ्याला आणि त्या विद्येला सांभाळणारे घर, ही ती तिसरी गोष्ट. शिकविणाऱ्यांची परंपरा, ऐकणाऱ्यांची सवय, गाण्यासाठी बांधलेली वास्तू आणि गाणाऱ्याचा चरितार्थ चालावा एवढी समाजाने केलेली तरतूद, ह्या साऱ्यांचे मिळून ते घर बनते. आपल्या भाषेने संगीताच्या परंपरेला ‘घराणे’ हा शब्द योजिला, तो उगाच नव्हे. घर मोडले की गळा आणि विद्या असूनही गाणे पोरके होते.

ही गोष्ट ज्यांच्या चरित्रावरून विशेष स्पष्ट व्हावी अशा एका गायिकेचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. पॅट्रिशिया रोझारिओ हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १९६० साली मुंबईस, एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांनी ज्या गायनात कीर्ती मिळविली ते मात्र आपल्या ओळखीचे ख्यालगायन नव्हे, किंवा नाट्यसंगीतही नव्हे. पाश्चात्य शास्त्रोक्त पद्धतीची शिक्षा घेतलेल्या त्या सोप्रानो गायिका आहेत. लंडनमध्ये राहून त्यांनी ऑपेराच्या रंगभूमीवर आणि वाद्यवृंदाच्या मैफलीत गायन केले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत युरोपातील काही श्रेष्ठ रचनाकारांनी त्यांच्या कंठासाठी नव्या रचना लिहिल्या. मुंबईच्या मुलीचा आवाज ह्या वाटेने का गेला, आणि तो परत आला तेव्हा त्याला येथे काय आढळले, हा ह्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम ह्या विद्येचे स्वरूप थोडक्यात पाहिले पाहिजे. पाश्चात्य संगीतात मानवी आवाजाच्या उंचीप्रमाणे प्रती केलेल्या आहेत. पुरुषांमध्ये सर्वांत खर्जातला तो बास, मधला बॅरिटोन आणि उंच तो टेनर. स्त्रियांमध्ये खालचा कॉन्ट्राल्टो, मधला मेझो-सोप्रानो आणि सर्वांत उंच तो सोप्रानो. पियानोच्या मध्यावर ‘सी’ नावाचा जो स्वर आहे, तेथून वर दोन सप्तकांपर्यंत सोप्रानोचा संचार चालतो. आपल्या बहुतेक ख्यालगायिका ह्याहून पुष्कळ खाली गातात. केवळ उंचीने मात्र सोप्रानो होता येत नाही. समोर साठ-सत्तर वाद्ये वाजत असताना, ध्वनिवर्धकाची मदत न घेता, प्रेक्षागृहातील शेवटच्या रांगेपर्यंत शब्द आणि स्वर पोहोचवावे लागतात. हे काम ओरडण्याने साधत नाही. श्वासाचा जोर पोटापासून सावरून धरणे, जबडा आणि टाळू ह्यांच्या ठेवणीने मुखातच घुमारा निर्माण करणे, आणि उंच स्वरावर मुखाचा आकार बदलूनही शब्द न मोडणे, ही त्यामागची तपश्चर्या असते.

आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी जुन्या पिढीच्या नाटकमंडळ्यांविषयी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल, त्यांना ह्या कसोटीचे नवल वाटणार नाही. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी आपले गायक नटही उघड्या गळ्याने सारे नाटकगृह भरून टाकीत. फरक आहे तो दुसरीकडे. आपला गवई रागाच्या मर्यादेत राहून त्या क्षणी स्वतःची वाट काढतो; त्याच्या बंदिशीत लिहिलेले थोडे आणि न लिहिलेले फार. ऑपेराच्या गायिकेपुढे रचनाकाराने प्रत्येक स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर लिहून ठेवलेला असतो. तो पाळावयाचा, इटालियन, जर्मन, फ्रेंच अशा परक्या भाषांतील उच्चार निर्दोष ठेवावयाचे, शिवाय अभिनयही करावयाचा. आणि हे सर्व करून तो लिहिलेला स्वर जणू आत्ताच मनात उमटला असे भासवावयाचे. ह्या विद्येला दहा-बारा वर्षांची शिक्षा लागते, आणि ही शिक्षा एकट्याने घरी बसून घेता येत नाही. पियानोवर साथ करणारा, भाषा शिकविणारा, रंगभूमीवर उभे राहावयास शिकविणारा असा मोठा परिवार तिच्यामागे उभा असावा लागतो.

अशा ह्या परक्या विद्येचा अंकुर मुंबईत फुटला, ह्याचे मूळ गोव्यात आहे. गोव्याच्या भूमीने संगीताचे दोन प्रवाह पोसले. एक प्रवाह देवळांच्या आश्रयाने वाढला. केरी गावच्या केसरबाई केरकर, कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर ही नावे त्या प्रवाहातील. दुसरा प्रवाह चर्चच्या आश्रयाने वाढला. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकले आणि १५४२ पासून जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजचा आरंभ झाला. पुढे रायतूरच्या सेमिनरीसारख्या संस्थांतून आणि गावोगावच्या चर्चच्या शाळांतून मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलेखन वाचावयास, सामुदायिक गायनात आपला भाग धरून ठेवावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविले जाऊ लागले. हे शिक्षण सक्तीच्या धर्मांतराच्या काळाबरोबर आले आणि त्या काळाच्या वेदना इतिहासाने पुसलेल्या नाहीत. तथापि तीन-चार शतकांत ह्याच शिक्षणाने गोव्यातील सामान्य शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती संगीताचा लिहिलेला कागद दिला, हेही तितकेच खरे आहे. अक्षरओळख व्हावी त्या वयात स्वरओळख होणे, ही देणगी हिंदुस्थानातील इतर फार थोड्या प्रांतांना लाभली.

ह्या दोन प्रवाहांत समाजाने मोठी भिंत घातली होती. देवळाचे गाणे चर्चमध्ये गेले नाही आणि चर्चचे गाणे देवळात आले नाही. परंतु १९७७ साली एक विलक्षण योग घडला. अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली आणि प्रत्येकाबरोबर पृथ्वीवरील संगीताची एक सोनेरी तबकडी पाठविली. त्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि त्याच तबकडीवर एड्डा मोझर ह्या जर्मन सोप्रानो गायिकेने गाइलेले, मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ ह्या ऑपेरातील रात्रीच्या राणीचे गाणेही आहे. गोव्यात जे दोन प्रवाह एकमेकांपासून दूर वाहिले, ते पृथ्वीबाहेर जाताना एका तबकडीवर शेजारी बसले. मनुष्यकंठाचे वैभव दाखवावयाचे तर ह्या दोन्ही तऱ्हा हव्यात असे निवड करणाऱ्यांना वाटले, ही गोष्ट आपण ध्यानी ठेवण्यासारखी आहे.

गोव्यात जमीन थोडी आणि रोजगार त्याहून थोडा. तेव्हा स्वर वाचता येणारी ही माणसे मुंबईस आली. धोबीतलावच्या परिसरात गावागावाच्या नावाने त्यांची ‘कुडे’ उभी राहिली. कोणी पोलिसांच्या व लष्कराच्या बँडमध्ये, कोणी हॉटेलांच्या वाद्यवृंदात, कोणी मूकपटांच्या साथीला, आणि पुढे कोणी बोलपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात गेले. हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यमेळाचा मोठा भाग ह्या गोमंतकीय वादकांनी आणि संयोजकांनी लिहिला. त्यांतील अँथनी गोन्साल्विस ह्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात मोठा वाद्यवृंद उभा करून हिंदुस्थानी रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले होते. देवळाचा प्रवाह आणि चर्चचा प्रवाह त्या दिवशी एका मंचावर आले. परंतु ह्या प्रयत्नाला लागून दुसरे, तिसरे प्रयत्न झाले नाहीत, कारण अशा संगीताचे घर मुंबईत उभेच नव्हते. पाहुणा आला, जेवला आणि निघून गेला, अशातली गत झाली.

आता ऑपेराच्या घराविषयी. मुंबईत ह्या नावाची एक देखणी वास्तू होती. गिरगावच्या टोकास असलेल्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्ज ह्यांच्या भेटीच्या वेळी झाले. नाव ऑपेराचे असले तरी त्या वास्तूत ऑपेरा थोडेच झाले. पुढे तेथे बालगंधर्वांचे गाणे झाले, पृथ्वीराज कपूर ह्यांची नाटके झाली, आणि अखेर ते बहुतांशी चित्रपटगृह बनले. मराठी माणसाला ही गोष्ट अपमानाची वाटण्याचे कारण नाही. वस्तुतः आपले संगीत नाटक हेच ह्या भूमीवरील ऑपेरा होते. इटलीत १६०७ साली मोंटेवर्दीचा ‘ऑर्फेओ’ झाला, तद्वत पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ झाले. इटलीत पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगभूमीवर येण्यास बंदी असल्यामुळे स्त्रियांच्या भूमिका पुरुष गात, आणि आपल्याकडेही तोच प्रकार होता. युरोपने मात्र ऑपेरासाठी नगरोनगरी कायमच्या वास्तू, नोकरीत असलेला वाद्यवृंद आणि शिक्षणाच्या शाळा उभारल्या. आपल्या नाटकमंडळ्या मालकाच्या पुण्याईवर आणि तिकिटाच्या गल्ल्यावर जगल्या, आणि बोलपट येताच कोसळल्या.

मुंबईतील पाश्चात्य संगीताची स्थिती ह्याहून फारशी निराळी नव्हती. १९३५ साली मेहली मेहता आदींनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला. १९४७ साली व्हिक्टर परंज्योती ह्यांनी बॉम्बे मॅड्रिगल सिंगर्स ऑर्गनायझेशनची स्थापना केली, आणि ह्या हौशी संस्थेने १९६०च्या दशकात मुंबईत इटालियन ऑपेरा रंगभूमीवर आणण्याचे धाडस केले. त्या प्रयोगांतून सीलिया लोबो ह्या सोप्रानो गायिकेने प्रमुख भूमिका गाऊन रसिकांचे कौतुक मिळविले. परंतु हौशी संस्था दिवसभर कचेरीत काम करणाऱ्यांच्या संध्याकाळवर जगते. तिच्यावर कोणाचा संसार चालत नाही. तेव्हा ज्या मुलीला हेच जीवितकार्य करावयाचे, तिला मुंबई सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

येथे थोडे दक्षिणेकडे, म्हैसूर संस्थानाकडे वळावे लागेल. कारण ह्याच विद्येला हिंदुस्थानातून मिळालेला सर्वांत उदार आश्रय तेथून मिळाला. महाराज जयचामराज वडियार (१९१९–१९७४) हे कर्नाटक संगीताचे वाग्गेयकार होते, आणि पाश्चात्य संगीताचेही जाणते अभ्यासक होते. लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष. उपेक्षेत दिवस कंठीत असलेल्या मेट्नर ह्या रशियन रचनाकाराच्या कृती ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून त्यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि मेट्नरने आपली एक पियानो-रचना त्यांना अर्पण केली. त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. रिखार्ड श्ट्राउस ह्या जर्मन रचनाकाराने मृत्यूपूर्वी सोप्रानोसाठी जी चार गीते लिहिली, ती सोप्रानोच्या साऱ्या वाङ्मयात शिरोभागी मानली जातात. त्यांचे पहिले गायन २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये कर्स्टन फ्लागस्टाट हिने केले. त्या मैफलीच्या खर्चाची ४,८०० डॉलरची हमी म्हैसूरच्या महाराजांनी घेतली होती. महाराज स्वतः त्या वेळी उपस्थित राहू शकले नाहीत. त्यांच्या संग्रहासाठी तिचे ध्वनिमुद्रण मात्र झाले.

ह्या औदार्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक विसंगती डोळ्यांत भरते. पैसा म्हैसूरचा, आणि गाणे, गायिका, सभागृह व श्रोते लंडनचे. बंगळूरच्या छावणीत १८०९ पासून इंग्रजांची वस्ती होती. चर्चे होती, लष्करी बँड होते, पियानो शिकविणाऱ्या बाया होत्या. त्या गावात गायनाची एखादी शाळा ह्या द्रव्यातून निघाली असती तर आज निराळे चित्र दिसले असते. १९५० साली हिंदुस्थानची थैली लंडनला गेली, आणि पुढच्या पिढीत हिंदुस्थानचा कंठही त्याच वाटेने लंडनला गेला.

पॅट्रिशिया रोझारिओ लंडनच्या गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिक अँड ड्रामा ह्या विद्यालयात वॉल्टर ग्रूनर ह्यांच्यापाशी शिकल्या. तेथे त्यांना सुवर्णपदक मिळाले, आणि गायिकांसाठी असलेले मॅगी टेट पारितोषिकही मिळाले. त्यानंतर नॅशनल ऑपेरा स्टुडिओत रंगभूमीची शिक्षा झाली. आरंभी त्यांच्या वाट्यास आल्या त्या जुन्या घाटाच्या भूमिका. मोंटेवर्दीपासून मोत्सार्टपर्यंतच्या ऑपेरांत हलक्या, निर्मळ आणि वेगाने फिरणाऱ्या आवाजाचे काम असते, आणि त्यांचा गळा त्याच जातीचा होता. पुढे १९८९ साली जॉन कास्केन ह्यांच्या ‘गोलेम’ ह्या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग लंडनच्या अल्मेडा महोत्सवात झाला, त्यातील मिरियमची भूमिका त्यांनी केली.

त्यांच्या कलाजीवनाला खरे वळण लाभले ते जॉन टॅव्हनर (१९४४–२०१३) ह्या इंग्रज रचनाकारामुळे. टॅव्हनर हे १९७७ साली पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती संप्रदायात गेले होते. त्या संप्रदायाच्या गायनात एक खालचा स्वर अखंड धरून ठेवतात आणि त्यावर एकच गळा शब्दांना आंदोलने देत संथपणे विहार करतो. आपल्या तंबोऱ्याची ज्यांना ओळख आहे, त्यांना ह्याहून अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. पाश्चात्य गायिकेला असे गाणे अवघड जाते. कारण तिची विद्या स्वरांच्या जुळणीवर, एकाच वेळी निरनिराळे स्वर वाजण्यावर उभी असते. एका स्वराच्या आधाराने, दोन स्वरांमधल्या बारीक जागांतून जाणे तिच्या अंगवळणी नसते. टॅव्हनर ह्यांना हवा होता तो गुण ह्या मुंबईच्या गायिकेत त्यांना आढळला. त्यांनी तिच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना लिहिल्या. एका रचनाकाराने एका गळ्यासाठी इतके लिहावे, हे कोणत्याही काळात विरळाच घडते.

ह्या रचनांतील ‘मेरी ऑफ ईजिप्त’ ही कृती १९९२ साली ऑल्डबरा महोत्सवात प्रथम झाली आणि तिची नायिका श्रीमती रोझारिओ होत्या. तिचे कथानक मराठी श्रोत्याला परके वाटणार नाही. अलेक्झांड्रियातील एक वारांगना सर्वसंगपरित्याग करून वाळवंटात जाते आणि तपाने संतपदास पोहोचते. विद्वत्तेचा आणि पुण्याचा सूक्ष्म अभिमान बाळगणारा झोसिमा नावाचा साधू तिला भेटतो, आणि आपल्याजवळ जे नाही ते तिच्यापाशी आहे असे त्याला उमगते. मंगळवेढ्याची कान्होपात्रा पंढरीच्या विठ्ठलापाशी ज्या मार्गाने गेली, त्याच्याच जवळून हा मार्ग जातो. १९३१ साली ना. वि. कुलकर्णी ह्यांचे ‘संगीत कान्होपात्रा’ रंगभूमीवर आले, तेव्हा बालगंधर्वांनी तिची भूमिका गाइली होती. साठ वर्षांच्या अंतराने इंग्लंडच्या समुद्रकाठी मुंबईच्या एका मुलीने तिच्या ईजिप्तमधील बहिणीची भूमिका गाइली. दोघींच्या संगीतात साम्य शोधावयास जाऊ नये. परंतु लोकांनी बहिष्कृत केलेल्या स्त्रीचा आर्त स्वर हाच जिथे नाटकाचा आत्मा होतो, तेथे गळ्यावर पडणारा भार एकाच जातीचा असतो.

२००३ साली टॅव्हनर ह्यांची ‘द व्हेल ऑफ द टेंपल’ ही रचना लंडनच्या टेंपल चर्चमध्ये झाली. सात तासांहून अधिक चालणारे हे रात्रभराचे जागरण होते आणि त्यात ग्रीक, स्लाव्ह, संस्कृत अशा अनेक भाषांतील प्रार्थना गुंफलेल्या होत्या. रात्रभर चालणारी मैफल किंवा हरिजागर ज्या समाजाच्या रक्तात आहे, त्या समाजातून आलेल्या गायिकेने लंडनच्या मध्यवस्तीत पहाटेपर्यंत गावे, ह्यात काव्यगत न्याय आहे. एस्टोनियाचे रचनाकार आर्वो पेर्ट ह्यांनी तहानलेल्या हरिणीचे स्तोत्र सोप्रानो व वाद्यवृंद ह्यांसाठी स्पॅनिश भाषेत बांधले, त्याचे पहिले गायनही श्रीमती रोझारिओ ह्यांनी केले. २००१ साली ब्रिटिश सरकारने त्यांना ओ. बी. ई. हा किताब दिला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी अध्यापनही केले.

आता एका जुन्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हे सारे गाणे परके आहे, त्याचा अभिमान आम्ही का बाळगावा, असे विचारणारे लोक आहेत. त्यांनी पेटीचा इतिहास आठवावा. हार्मोनियम युरोपातून आली. परक्या स्वरांचे हे वाद्य हिंदी संगीतास घातक आहे असे ठरवून १९४० पासून सुमारे तीस वर्षे नभोवाणीने तिला आपल्या मंचावर येऊ दिले नाही. तेवढ्या काळात देवळातील कीर्तनात, नाटकात आणि घरोघरच्या बैठकीत पेटी वाजतच राहिली. व्हायोलिन तर दक्षिणेत इतके मुरले की त्यावाचून कर्नाटक संगीताची मैफल अपुरी वाटते. वाद्य परके असते ते आपण त्यातून आपले काही बोलू शकेपर्यंत. कंठाविषयी मात्र अधिक अडचण आहे. वाद्य विकत आणून घरी ठेवता येते. कंठाची विद्या एका माणसाच्या देहातून दुसऱ्याच्या देहात जावी लागते, आणि देणारा देह जिथे असेल तेथे घेणाऱ्याने जावे लागते. श्रीमती रोझारिओ लंडनला गेल्या ह्याचे कारण एवढेच.

ह्यातून दुसराही एक निष्कर्ष निघतो आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. परकी विद्या पूर्णपणे आत्मसात केल्यावर त्यांच्या गळ्यातील पूर्वेकडचा गुण नाहीसा झाला नाही. उलट त्याच गुणामुळे त्यांना स्वतःचे असे स्थान मिळाले. अर्धवट शिकलेला मनुष्य नक्कल करतो. पूर्ण शिकलेल्याला नकलेची गरज उरत नाही, आणि मग त्याच्या मातीचा वास आपोआप येऊ लागतो. किर्लोस्करांच्या नाटकाचेही रहस्य हेच होते, आणि केशवसुतांनी सुनीत मराठीत आणले तेव्हाही हेच घडले.

सासरी नाव मिळविलेली मुलगी माहेरी येते तेव्हा घराची पडझड तिच्या डोळ्यांना आधी दिसते. २००९ साली श्रीमती रोझारिओ आणि त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप ह्यांनी ‘गिव्हिंग व्हॉइस टु इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. हिंदुस्थानात येऊन तरुण गायकांना शिकवावयाचे, पुन्हा पुन्हा यावयाचे, आणि होतकरूंना पुढील शिक्षणासाठी तयार करावयाचे, असे त्याचे स्वरूप. येथे चांगले आवाज आहेत, पण आवाज घडविणारे शिक्षक जवळजवळ नाहीत, हे निदान त्यामागे होते. वर्षानुवर्षे बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाउस जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडले, तेव्हा त्या मंचावर श्रीमती रोझारिओ गाइल्या आणि मार्क ट्रूप ह्यांनी साथ केली. पुढील वर्षी, जुलै २०१७ मध्ये, त्याच वास्तूत चिमारोझा ह्या इटालियन रचनाकाराच्या ‘गुप्त विवाह’ ह्या विनोदी ऑपेराचा प्रयोग त्यांच्याच प्रेरणेने, येथील तरुण गायकांना घेऊन झाला. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या घराला त्याच्या नावाचे काम इतक्या उशिरा मिळाले.

तथापि एका प्रयोगाने घर उभे राहत नाही. २००६ साली मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापिला. त्याच्या वादकांतही प्रदीर्घ काळ परदेशीयांचाच भरणा अधिक राहिला. गोव्यातील चर्चच्या शाळांनी मुलाला सहाव्या-सातव्या वर्षी स्वर वाचावयास शिकविले म्हणून तीन शतके वादक निपजत गेले. पाया तेथे होता. आज तो पाया गावातील शाळेऐवजी शहरातील खाजगी वर्गात शोधावा लागतो. बंगळूरच्या जुन्या छावणीच्या पूर्वेस इंदिरानगर ही वसाहत आहे. अशा वसाहतींतून आज कितीतरी मुले-मुली पियानो आणि पाश्चात्य गायन शिकतात, इंग्लंडहून ठरविलेल्या परीक्षा देतात, प्रमाणपत्रे मिळवितात. त्यांत नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही असतात. त्यांपैकी एखादीचा गळा खरोखरीचा सोप्रानो निघाला तर तिने काय करावे? शेवटच्या परीक्षेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून तिने संगणकाच्या कचेरीत जावे, की मुंबईच्या त्या मुलीप्रमाणे लंडनचा रस्ता धरावा? तिसरी वाट आपण तिच्यासाठी अजून बांधलेली नाही.

ही वाट बांधावयास राजेरजवाड्यांची थैली लागेल असे नाही. एका शहरात एक कायमचा शिक्षकवर्ग, वर्षाकाठी ठरलेले प्रयोग आणि गाणाऱ्यास मिळणारे नियमित वेतन, एवढ्याने आरंभ होईल. पलुस्करांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले तेव्हा हिंदुस्थानी संगीताचीही अवस्था फारशी निराळी नव्हती. विद्या मूठभर घरांत कोंडलेली होती आणि सभ्य कुटुंबातील मुलीने गावे हेच लोकांना पटत नव्हते. शाळा निघाली, वर्ग भरले, परीक्षा झाल्या, आणि पन्नास वर्षांत घरोघरी तंबोरा लागला. त्या उदाहरणाचा धडा पाश्चात्य गायनालाही लागू आहे.

पॅट्रिशिया रोझारिओ ह्यांचे जीवन ही एका व्यक्तीच्या यशाची कथा म्हणून सांगितली तर ती गोड आहे, परंतु अपुरी आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांनी पेरले, मुंबईने अंकुर जोपासला आणि लंडनने पीक घेतले, असा त्या कथेचा खरा क्रम आहे. गायिकेने आपले ऋण परत येऊन, शिकवून फेडावयास घेतले. आता उरला तो समाजाचा वाटा. पुढचा कंठ कोठे जन्मेल हे कोणालाच सांगता येत नाही. तो जन्मेल तेव्हा त्याला राहावयास घर असेल की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.